गंजावर रंग



राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख घेतली आणि प्रायश्चित्तकाळाला आरंभ केला. कुणी मांस-मच्छी सोडली आहे, कुणी दारू, कुणी टीव्हीवरच्या मालिका. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला गर्दी होते. पवित्र सप्ताहाआधी पापनिवेदनासाठी रांगाही लागतील. हे सर्व चांगलेच आहे. परंतु यंदा माझ्या डोळ्यांसमोर सारखी एक जुनी लोखंडी ट्रॉली येते. तिची गोष्ट आज तुम्हाला सांगतो. या गोष्टीतला दोष माझा आहे आणि ती सांगण्याची परवानगी मी माझ्या थोरल्या भावाकडून घेतली आहे.

आमचे घर खाडीजवळ. वडिलांची फायबरची लहान होडी होती. ती घरापासून पाण्यापर्यंत नेण्या-आणण्यासाठी त्यांनी पाइप आणि अँगल जोडून दोन चाकांची ट्रॉली बनवून घेतली होती. होडी पाण्यात सोडायची म्हणजे ट्रॉलीही खाऱ्या पाण्यात उतरायची. वडील गेले, मी फादर होऊन घराबाहेर पडलो, होडी आणि ट्रॉली भावाकडे राहिली.

दोन वर्षांपूर्वी गावच्या सणाला मी घरी गेलो, तेव्हा ट्रॉली तांबूस पडलेली दिसली. भाऊ कामात होता. त्याला मदत करावी म्हणून मी निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला, वरवर फडके मारले आणि एका दुपारी ट्रॉली रंगवून टाकली. येणारे-जाणारे विचारू लागले, "फादर, नवीन घेतली काय?" मला बरे वाटले. भाऊ मात्र काही बोलला नाही.

गेल्या मे महिन्यात चार दिवस सुट्टीवर गेलो. पावसाळ्याआधी होडी वर काढून ठेवली होती आणि भाऊ अंगणात ट्रॉली उलटी टाकून बसला होता. माझ्या निळ्या रंगाला जागोजागी फोड आले होते. त्याने पत्र्याच्या पट्टीने एक फोड उचकटला, तर तळहाताएवढा पापुद्रा निघून आला. खाली लोखंड नव्हतेच, नुसता लाल भुगा होता.

लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो, मीठ मिळाले की तो अधिक वेगाने वाढतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण भावाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. म्हणून तो रंगाखाली गप्प बसत नाही, रंगाला आतून ढकलतो आणि फोडतो. शिवाय तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो. म्हणजे गंजावर रंग लावला तर आपण त्याचा नाश करत नाही. आपण त्याला झाकतो आणि तो आपले काम चालू ठेवतो.

मग भावाने हातोडी घेतली आणि ट्रॉलीवर वीतभर अंतराने ठोकत गेला. जिथे लोखंड चांगले होते तिथे 'ठण्ण' असा आवाज आला. मधल्या आडव्या पाइपवर मात्र 'थप्प' असा मेलेला आवाज आला. बाहेरून तो पाइप सगळ्यात चांगला दिसत होता. पाणी आत साचून तो आतून खाल्ला गेला होता.

मी म्हणालो, "दादा, मी रंगवत होतो तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तू वर्षातून चार दिवस येतोस. त्यात कशाला बोलायचं?"

बंधुभगिनींनो, तो ट्रॉलीविषयीच बोलत होता. पण मला ते वाक्य दुसऱ्याच ठिकाणी लागले.

आमची आई शेवटची तीन वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिला उठवणे, धुणे, भरवणे हे सारे भाऊ आणि वहिनीने केले. मी धर्मग्रामाच्या कामाचे कारण सांगून क्वचित जात असे. आई गेल्यानंतर घराच्या कागदांवर सह्या करायची वेळ आली. मी सही केली, पण करता करता म्हणालो, "तुम्हाला घर मिळालंच की." भाऊ काही बोलला नाही. वहिनी आत निघून गेली. त्यानंतर सहा नाताळ आम्ही एकत्र जेवलो, फोटो काढले, एकमेकांना शुभेच्छा दिल्या. भांडण कधीच झाले नाही. सगळे म्हणत, फादरचे घर बघा, किती एकोप्याचे आहे.

तो निळा रंग होता.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी लोक असेच करत होते. खोटे संदेष्टे शांती नसताना शांती आहे असे सांगत आणि कच्च्या भिंतीला वरून सफेदी फासत. पाऊस येईल आणि ती भिंत कोसळेल, असा इशारा देव देतो (यहेज्केल १३:१०-१५). पुढे याच ग्रंथात गंज चढलेल्या हंड्याचा दाखला आहे. हंडा नुसता रिकामा करून भागत नाही. तो निखाऱ्यांवर ठेवून तापवावा लागतो, आणि तरीही त्याचा गंज सहज सुटत नाही (यहेज्केल २४:३-१३). प्रभु येशूनेही पृथ्वीवरच्या धनाला कसर आणि जंग खातात असे सांगितले (मत्तय ६:१९). तिथे जंगासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'खाणे' असाच आहे. संत याकोब सोन्या-रुप्याच्या गंजासाठी जो शब्द वापरतो (याकोब ५:३), तोच शब्द त्याने जिभेतल्या विषासाठीही वापरला आहे (याकोब ३:८). माझ्या जिभेवरून निघालेले एक वाक्य त्या घराला सहा वर्षे खात होते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे तारेच्या ब्रशने ट्रॉली घासत होतो. मी हात थांबवून ते वाक्य स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारले आणि म्हणालो, "दादा, हे मी बोललो होतो. ते चुकीचं होतं." भाऊ बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तू विसरलास." नंतर म्हणाला, "मला नको सांगू. तिला सांग. आईला धुवायची ती."

मी आत जाऊन वहिनीची क्षमा मागितली. ती रडली. लगेच "असू दे" म्हणाली नाही. ती जे बोलली ते मी उभ्याने ऐकून घेतले. पुढच्या आठवड्यात मी एका वयोवृद्ध फादरांकडे जाऊन पापनिवेदन केले. फादरांनाही फादर लागतात.

आता ट्रॉलीचे काम कसे झाले ते ऐका, कारण त्यात आपल्या प्रायश्चित्त संस्काराचा धडा आहे.

प्रथम ती गोड्या पाण्याने धुतली. मीठ आत राहिले तर वरचे सगळे कष्ट वाया जातात. मग हातोडीने ठोकून पाहिले. ही झाली सद्सद्विवेकबुद्धीची तपासणी. आपण बहुतेक वेळा दिसणारे डाग मोजतो, 'मिस्सा चुकली, खोटे बोललो', आणि जिथे 'थप्प' आवाज येतो तिथे हातोडी नेतच नाही.

नंतर घासणे. त्याला दोन दिवस लागले. सैल पापुद्रे पत्र्याने सुटतात, पण सांधे आणि कोपरे यांत ब्रश पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. गंज तिथूनच परत सुरू होतो. पश्चात्ताप म्हणजे केवळ वाईट वाटणे नव्हे. जिथून पाप सुरू होते त्या जागेपर्यंत पोचणे म्हणजे पश्चात्ताप.

मधला पाइप घासून सुधारणार नव्हता. वेल्डरने तो कापून काढला आणि नवीन जोडला. पापक्षमा मिळाल्यावरही पापाने केलेली हानी भरून द्यावी लागते, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ शिकवतो. जक्कयाने हेच केले, ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखवली (लूक १९:८). ट्रॉलीवर वेल्डिंगचा जोड आजही दिसतो. आम्हा भावांमधलाही दिसतो. दिसू द्या, तो घट्ट आहे.

भावाने नव्या पाइपला खालून दोन भोके पाडून घेतली. म्हणाला, "पाणी आत जाणारच. ते बाहेर पडायला वाट हवी." घरातसुद्धा बोलायला वाट हवी, नाहीतर अबोला आत साचतो.

घासून लोखंड पांढरे झाले तेव्हा मी म्हणालो, रंग उद्या लावू. भाऊ ऐकेना. समुद्राकाठच्या दमट हवेत उघडे लोखंड रात्रभर ठेवले तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस छटा येते. त्याच संध्याकाळी त्याने रेड ऑक्साइडचा हात दिला आणि तो वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. मला झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या घराचा दाखला आठवला. तिथे अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो (मत्तय १२:४३-४५). पापनिवेदन करून बाहेर पडलेले मन उघडे ठेवू नका. त्यावर प्रार्थनेचा, पवित्र कम्युनियनचा आणि दयेच्या कामाचा थर लगेच चढू द्या.

जाता जाता भाऊ म्हणाला, "पुढची ट्रॉली जस्ताचा थर दिलेली घेईन." जस्ताचा गुण मोठा आहे. थराला ओरखडा पडून आतले लोखंड थोडे उघडे पडले तरी जस्त स्वतः आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. मी तिथे उभा असताना मला क्रुसावरच्या प्रभूची आठवण झाली. आपल्या अपराधांसाठी तो घायाळ झाला, हे यशया संदेष्ट्याने आधीच सांगितले होते (यशया ५३). आपण गंज घासतो ते स्वतःच्या बळावर नव्हे. तो आपल्यासाठी झिजला म्हणून आपण घासू शकतो.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या गावांत जमिनीच्या हिश्श्यावरून, आईवडिलांच्या दुखण्यावरून, सातबाऱ्यावरच्या एका नावावरून अबोला धरलेली किती घरे आहेत! लग्नाला ती एकाच मांडवात बसतात, मिस्सेत एकमेकांना शांती देतात. ती शांती खरी आहे का, हे हातोडीने ठोकून पाहा. वेदीपाशी आलेल्या माणसाला प्रभूने अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवले (मत्तय ५:२३-२४). ईस्टरला अजून अवकाश आहे. या आठवड्यात एका घरी जा. समोरचा काय बोलला होता ते काढू नका. तुम्ही काय बोलला होता तेवढेच सांगा. कदाचित दार लगेच उघडणार नाही. घासायला दोन दिवस लागतात, सहा वर्षांच्या गंजाला थोडे अधिक लागतील.

हे प्रभु येशू, आम्ही आमच्या गंजावर वर्षानुवर्षे रंग देत आलो. तो उकरून काढण्याचे धैर्य आम्हाला दे. ज्यांना आम्ही दुखावले त्यांच्यापर्यंत चालत जाण्याचे बळ दे, आणि आमच्या घरांतले तुटलेले सांधे तूच जोड. आमेन.