ज्ञानदान की हिंसादान?

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान. पण श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात 'हिंसादान'ही येतं. शस्त्र, विष, अग्नी अशी जीव घेणारी वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊ नये. मग जी वस्तू ज्ञानही आहे आणि शस्त्रही, ती द्यावी की राखावी?

आज ती वस्तू म्हणजे नखाएवढी चिप. मोबाईल, दवाखान्यातली यंत्रं, क्षेपणास्त्रं, सगळं तिच्यावर चालतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेनं अतिप्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं चीनला देण्यावर कडक निर्बंध घातले. ऑगस्ट २०२३ पासून चीननं चिपसाठी लागणाऱ्या गॅलियम आणि जर्मेनियम या धातूंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. कारण दोघांचं एकच, देशाची सुरक्षा.

"मोठ्यांच्या भांडणात आपलं काय जातंय?" असं म्हणू नका, बायांनो. १९८०च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला सुपरकॉम्प्युटर अमेरिकेनं दिला नाही. त्यावर अस्त्रं कराल, ही शंका. हवामानाच्या कामासाठी कमी ताकदीचा दिला, तोही अटी घालून. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. आपल्या कलबुर्गी-बिदरच्या तुरीला पाऊस कधी मिळेल, हा अंदाज असल्याच यंत्रांच्या गणितातून निघतो.

गणित म्हटलं की मळखेड आठवावं. सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठचं हे गाव राष्ट्रकूटांची राजधानी होतं. सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनानं तो तेलुगूत नेला. १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं तो हिंदी अनुवादासह छापला. राज्य गेलं, किल्ला ढासळला. वाटलेलं गणित तेवढं राहिलं.

पण एकाच बाजूनं बोलणं अनेकान्ताला शोभत नाही. मूडबिद्रीला धवला ग्रंथाची ताडपत्रं शतकानुशतकं कुलपात होती. लोकांना दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. कुलपामुळं ती वाचली हे खरंच. पण नकला बाहेर आल्या, १९३९ पासून हिरालाल जैनांनी ग्रंथ संपादून छापायला घेतला, तेव्हा कुठं तो अभ्यासकांच्या हाती पडला.

म्हणून कुलपाला दोष देण्याआधी लावणाऱ्याचं घर बघावं. शेजारणीनं विष मागितलं आणि एखादीनं नाही म्हटलं, स्वतःच्याही घरात ठेवलं नाही, तर तिनं हिंसादान टाळलं. पण शेजारणीला नाही म्हणून स्वतःच्या फडताळात चार पुड्या राखल्या, तर तो निव्वळ परिग्रह. नाव मात्र अहिंसेचं. दोन्ही महासत्तांची फडताळं भरलेली आहेत.

२०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा इथल्या चिप कारखान्याला आपल्या सरकारनं मंजुरी दिली. उद्या किल्ली आपल्याही कमरेला येईल. तेव्हा दारात आलेल्या लहान देशाला काय द्यायचं, काय नाही, हे ठरवण्याआधी आपलं फडताळ आधी उघडून बघावं लागेल.