कात्री मिटलेली असू द्या

डिसेंबरातली सकाळ. जालन्यात ऊन अजून कोवळं आहे. मोगऱ्याच्या कुंडीपाशी निवांत बसा. कात्री हातात असू द्या, पण मिटलेली.

आधी नुसतं बघा. पाणी तोडून काही दिवस झालेत. खालची पानं पिवळी पडलीत, काही गळलीत. हात तांब्याकडे जाईल. त्याला हळूच मागे घ्या.

आता मनानं शिवारात जा. अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागांनाही याच दिवसांत आंबे बहारासाठी ताण दिलेला असतो; हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारीत आणखी थोडा. झाडाची वाढ थांबते, फांदीत अन्नाचा साठा होतो. मग जानेवारीत आंबवणीचं हलकं पाणी मिळालं की बहार फुटतो. पण 2012-13च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या कित्येक बागा उभ्या वाळल्या. तेव्हा पुढचं पाणीच नव्हतं. ताण देणाऱ्याकडे पुढचं पाणी राखलेलं असावं लागतं. इथे थोडं थांबा. आपल्याकडे ते आहे का, एवढंच बघा.

पुन्हा मोगऱ्याकडे या. एका काडीवरून बुडापासून शेंड्यापर्यंत सावकाश बोट फिरवा. पानाच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याहून बारीक फुगवटा लागेल. तो डोळा. मोगऱ्याची पानं समोरासमोर असतात, म्हणून डोळेही जोडीनं. कळ्या धरतात नव्या फुटीच्या टोकाला, म्हणून जुनी काडी आखूड केलेली त्याला मानवते. गुलाबाचंही तसंच, फक्त त्याची छाटणी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरातच उरकलेली बरी.

सगळ्यांचं असं नसतं. क्लेमॅटिस हा थंड मुलखातल्या बागांचा लाडका वेल. त्याच्या काही जाती मागच्या वर्षीच्या काडीवर वसंतात फुलतात, काही उन्हाळा उतरताना नव्या फुटीवर. पहिल्या जातीचा वेल हिवाळ्यात छाटला तर तो जगतो, पण त्या वर्षीची फुलं कात्रीबरोबर जातात. त्याचीच सख्खी बहीण आपल्या सह्याद्रीत आहे, मोरवेल. पावसाळा संपला की झुडपांवर पांढरी पसरते. त्या फुलांना पाकळ्या नसतातच. पांढरी दिसतात ती निदलं. नंतर प्रत्येक बीला मऊ पिसांची शेपटी येते. तिला कुणी छाटत नाही, आणि छाटूही नये असं मला मनापासून वाटतं.

मोसंबीलाही फार कापलेलं सोसत नाही. वाळलेली सल काढायची, सरळ वर धावणारे पाणसोट काढायचे, जखमेवर बोर्डो पेस्ट लावायची, बास.

तेव्हा समोरच्या झाडाचं फूल कुठे दडलंय, हे स्वतःला विचारा. उत्तर येईपर्यंत कात्री उघडू नका. नाहीच आलं, तर आज फक्त वाळकं काढा. काडी नखानं किंचित खरवडा: आत हिरवं लागलं तर जिवंत, तपकिरी लागलं तर मेलेली.

मोगऱ्याचं उत्तर मिळालंय. डोळ्यांची एक जोडी निवडा. तिच्या जरा वर, एका दमात कापा. थांबा. ताज्या कापाकडे बघा. या एका काडीच्या आता दोन होतील. मग दुसरी काडी. सगळ्या झाल्या की माती हलवा, शेणखत मिसळा आणि पाणी द्या. आधी अर्धा तांब्या, पोटभर नंतर.