शंभराचे देणे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आपल्या कोल्हापुरात घरोघरी गुरुचरित्राची पारायणे सुरू होतात. सात दिवसांच्या सप्ताहात बहुतेक घरी दुसऱ्या दिवशी विसावा अध्याय येतो. हा अध्याय आपल्याला अंमळ जास्तच जवळचा, कारण त्यातली बाई आपल्याच जिल्ह्यातली, शिरोळची. नृसिंहवाडीपासून शिरोळ असे कितीसे लांब? आपल्या भागात भुताखेतांच्या गोष्टी पुष्कळ, पण पोथीत जाऊन बसलेली आणि शेकडो वर्षे हात जोडून ऐकली जाणारी ही गोष्ट निराळी.

दत्तभक्तांना हा विषय नवा नाही. गाणगापूरला माध्यान्हीच्या आरतीला घुमणारी, खांबाला बिलगून ओरडणारी माणसे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तिथून परतताना गाडीत एक प्रश्न हमखास निघतो, 'भूत खरेच असते का हो?' नातवंडे हसतात, आपल्या वयाची मंडळी गप्प होतात. मी कॉमर्सचा माणूस, उभी नोकरी बँकेत खतावणी सांभाळण्यात गेली. मला या प्रश्नाची दुसरीच बाजू दिसते. भूत आहे की नाही हे राहू द्या. त्याचे येणे काय आहे, ते आधी बघू.

शिरोळच्या बाईची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिची मुले जगत नव्हती. विचारणा केली तेव्हा कळले, की पूर्वजन्मी तिने एका ब्राह्मणाकडून शंभर उसने घेतले आणि परत केले नाहीत. त्या दुःखात त्याने जीव दिला, तो समंध झाला आणि तिच्या मुलांच्या मुळावर उठला. उपाय सांगितला तो असा: संगमावर स्नान, औदुंबराची आणि पादुकांची सेवा, त्या ब्राह्मणाची उत्तरक्रिया आणि त्याच्या नावाने शंभराचे दान. बाई गरीब, शंभर आणणार कुठून? ती सेवा करू लागली. तिसऱ्या दिवशी स्वप्नात समंध पैसे मागत अंगावर आला. ती औदुंबराकडे धावली, तर तिथे श्रीगुरू उभे!

आता इथे नीट लक्ष द्या. महाराजांनी मनात आणले असते तर एका शब्दात त्याला पळवून लावले असते. तसे त्यांनी केले नाही. त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. मग सांगितले, की ही बाई ऐपतीप्रमाणे जे देईल ते घे, ती तुझी उत्तरक्रिया करील, तुला गती मिळेल. ऐकणार नसलास तर चालता हो, पण हिला त्रास देऊ देणार नाही. समंधाने मानले. बाईने सांगितल्याप्रमाणे सगळे केले. पुढे महाराजांनी तिच्या ओटीत दोन नारळ घातले आणि तिला दोन मुलगे झाले.

बँकेच्या भाषेत याला तडजोड म्हणतात. कर्जदाराची ऐपत पाहून रक्कम कमी केली, पण देणे नाकारले नाही. येणेकऱ्याला खोटे पाडले नाही, आणि वसुलीच्या नावाखाली छळही चालू दिला नाही. इतक्या वर्षांत मी वसुलीचे पुष्कळ प्रकार पाहिले, पण दोन्ही बाजूंना माणूस समजणारा असा निवाडा क्वचितच.

कायद्याचे तसे नसते. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या उसनवारीचा दावा तीन वर्षांत लावला नाही तर कोर्टाचे दार बंद. वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, एवढ्याच कारणावर पूर्वी मुलावर वसुली लावता येई. 2005 च्या दुरुस्तीने तेही गेले. व्यवहाराला असा शेवट लागतोच, नाहीतर कोर्टे तुंबतील. पण दावा बुडाला म्हणून देणे फिटले, असे होत नाही. बँकेत दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेवसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, तरी वारस कागद घेऊन आला की त्याला ती द्यावीच लागते. शिरोळच्या बाईचे शंभर तर जन्म बदलला तरी खात्यावर उभेच होते.

आता आपल्या भुतांची नावे घेऊन बघा. मुंज झाली पण सोडमुंजीआधीच गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. ज्याची उत्तरक्रिया झाली नाही किंवा ज्याचा जीव धनात अडकला तो समंध. प्रत्येकाच्या नावातच त्याचे काय राहून गेले ते लिहिलेले आहे. बाळंतपणात सुईणीच्या भरवशावर टाकलेली, वेळेवर औषध न मिळालेली पोर मरते, आणि आपण तिलाच भिऊन दाराला लिंबू बांधतो. घाबरायचे कुणी कुणाला?

माझ्या आजोळी एक पडकी विहीर होती. तिन्हीसांजेला तिथे हिरव्या लुगड्यातली बाई दिसते म्हणत. कुठल्या झाडाखाली दिसते, काय मागते, हे पोराटोरांनाही पाठ. तिचे नाव मात्र कुणी सांगेना. फार वर्षांनी मामी बोलली, 'अरे, सून होती ती. माहेरहून पैसे आण म्हणून सारखी धाडायचे. तिसऱ्या खेपेला माहेरी गेलीच नाही.' मला वाटते, गावाने ती विहीर बुजवली नाही आणि गोष्टही मरू दिली नाही, ती यासाठीच. पंचनाम्यात 'पाय घसरून पडली' म्हणून मिटवता आले, पण गावच्या मनातून ते प्रकरण काही मिटले नाही.

विहिरीची गोष्ट एका घराची. पन्हाळ्याची गोष्ट तर राजाची. गड बांधला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने. लोक सांगतात, तट उभा राहीना, तेव्हा गंगू नावाच्या तेलिणीचा बळी दिला, आणि 'कुठे राजा भोज, कुठे गंगू तेली' ही म्हण त्यावरून आली. काही अभ्यासक ही म्हण धारच्या भोजाशी आणि गांगेय व तैलप या राजांशी जोडतात. तो वाद त्यांचा. मी एवढेच बघतो, की राजांची नावे ताम्रपटांत कोरून राहिली आणि तेलिणीचे नाव राहिले ते लोकांच्या तोंडी. गरिबाची नोंद अशीच राहते.

एक गाठ मात्र माझ्याने सुटत नाही. देणे आईचे, तर लेकरांनी का जावे? पोथीचे उत्तर पूर्वकर्माचे आहे आणि मी ते मानतो. पण ते उत्तर स्वतःच्या दुःखाला लावावे, दुसऱ्याच्या नव्हे. मूल गेलेल्या बाईला 'तुझीच बाधा, तुझेच कर्म' म्हणणारी माणसे आपल्या गल्लीतही आहेत. महाराज तसे म्हणाले नाहीत, ते तिच्या आणि समंधाच्या मध्ये उभे राहिले. भूत उतरवतो म्हणून बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा आपल्या राज्यात 2013 च्या कायद्याने गुन्हा झाला. औदुंबरातळीचा तो निवाडा वाचणाऱ्याला हे निराळे सांगावे लागू नये. आजार असेल त्याला डॉक्टरकडे न्यावे, मग वाडीलाही न्यावे.

मंडळी, आपण साठी ओलांडलेले लोक. आपल्या खात्यावर काय काय उभे आहे? 'सही कर गं, नुसता कागद आहे' म्हणून बहिणीकडून घेतलेले हक्कसोडपत्र. दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने शेजाऱ्याकडे सरकवलेला बांध. घरी राबलेल्या गड्याचा राहिलेला पगार. ती माणसे बोलत नाहीत, काही तर आता या जगातही नाहीत. दावा लावायला कुणी येणार नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. आपली मुले उद्या त्याच घरात राहणार आहेत आणि त्याच रानात पिकवणार आहेत.

तेव्हा या दत्तजयंतीला पाळणा झाल्यावर, सुंठवडा घेऊन घरी आलात की त्यातले एखादे देणे तरी फेडायला घ्या. बहिणीला फोन करा. माणूस हयात नसेल तर त्याच्या लेकराबाळांकडे जा. शंभरचे शंभर जमणार नाहीत. महाराजांनीही शिरोळच्या बाईला तेवढे मागितले नव्हते, ऐपतीप्रमाणे द्यायला सांगितले होते. ही सवलत अजून चालू आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

श्री गुरुदेव दत्त.