वजाबाकी मीच शिकवली होती

मान खाली घालून उभा राहू नकोस. वर बघ. 50 पिल्लांतली 17 एका रात्रीत गेली आणि तू सांगतोस, "सर, थंडीनं मेली." मी खुराड्यात वाकून पाहिलंय. सगळी एका कोपऱ्यात, एकावर एक. खालची चपटी झालेली, वरची धडधाकट. थंडी काय खालच्यांनाच वाजते? गार लागलं म्हणून ती कोपऱ्यात दाटली, एकमेकांवर चढली आणि तळातली गुदमरून गेली. थंडीचं नाव पुढं करून स्वतः मागं लपू नकोस.

किती दिवसांची असताना खोलीतनं खुराड्यात टाकलीस? 20. ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बच्या उबेत, पहिल्या आठवड्यात 35 अंश ठेवायचे, पुढं दर आठवड्याला साधारण 3 अंश उतरवायचे. म्हणजे तिसऱ्यात 29. पौषात आपल्या जालन्याकडं पहाटे पारा 10 च्या आसपास येतो. कर वजाबाकी, सातवीत मीच शिकवली होती. एका रात्रीत 19 अंश! तू स्वतः दुपारी शर्टाची बटणं उघडी टाकून हिंडतोस आणि पहाटे पळाट्यांच्या शेकोटीपासून हलत नाहीस. दुपारचं ऊन बघून पिल्लांची रात्र ठरवलीस.

म्हणे पिसं आली होती! कुठं? पंखाला. पंखाची पिसं आधी येतात, तिथंच माणूस फसतो. मान, पाठ, पोट अजून लवच. हातात घेऊन पाठीवर उलटं बोट फिरवलं असतंस तर कळलं असतं, पण त्याला खाली बसावं लागतं.

आणि "वनराजा काटक जात आहे" हे मला ऐकवू नकोस. नावात वन आहे म्हणून तिसऱ्या आठवड्यात वनवास? ज्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं ही जात काढली, त्यांचंच सांगणं आहे की पहिले 6 आठवडे उबेत, देखरेखीत वाढवा, मग परसात सोडा. बियाण्यासाठी जालन्याला चार चकरा मारतोस. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा विचारायला पाय दुखले होते?

त्यांना बाहेर काढण्याचं खरं कारण मला तुझ्या आईनं सांगितलं. खोलीला वास येत होता. अरे, वास मारला तर तूस बदलायचा, पिल्लं नाही!

मोसंबीला तू असं करतोस का? आंबे बहाराचा ताण तोडताना आधी आंबवणीचं हलकं पाणी, मग चार-पाच दिवसांनी चिंबवणीचं. एकदम पाट फोडलास तर बाप बांधावरून हाकलेल. झाडाबाबत तुला जे कळतं ते जिवाला लागू नाही? तुझ्या आजीच्या गावरान कोंबडीलाही हे हिशेब येत होते. दीड-दोन महिने पिल्लं पंखाखाली घ्यायची, दिवसा उकिरड्यावर फिरवायची आणि वेळ झाली की स्वतःच टोचून हाकलायची. तिनं कधी 20 व्या दिवशी टोचलं नाही.

त्यात वरून खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलंस. हे तर वाऱ्यापासून वाचवणं नव्हे, कोंडणं. खालून वारा अडव, वरून हवा खेळू दे, नाहीतर ओल आणि विष्ठेची वाफ आतच राहते. ओल्या तुसात रक्ती हगवण लागली की उरलेलीही हातची जातील. मोठ्या कोंबड्यांतही आत्ताच मिसळू नकोस. त्या टोचतात आणि त्यांचे रोग यांना लागतात.

आता ऐक. ही 33 आज दिवस बुडायच्या आत घरात घे. डालग्यात कोंबून नव्हे, पसरून. कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून लाव, म्हणजे दाटायला कोपराच उरणार नाही. उद्यापासून ऊन तापल्यावर तासभर बाहेर, चार दिवसांनी दोन तास, आणि उन्हं कलली की आत. बल्ब आधी दिवसा बंद करून बघ. पिल्लं पांगून चरत असतील तर ठीक, गोळा होऊन चिवचिवली तर लाव परत. सहावा आठवडा भरल्यावर खुराड्यात ने आणि पहिले तीन-चार दिवस दार उघडू नकोस, घर कोणतं ते त्यांना कळू दे. जाळीची भोकं मोठी आहेत, मुंगूस त्यातून वाट काढेल. ती बदल.

रविवारी मी येतोय. पिल्लं मोजणार, आणि एकेकाच्या पाठीवर हात फिरवून बघणार. चहा ठेवू नकोस. तूस कोरडा ठेव.