तरतूद आणि तारीख

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी ‘शेतीसाठी भरीव तरतूद’ हा मथळा दिसला की माझं डोकं फिरतं. रक्कम जाहीर झाली म्हणजे अन्नाचा प्रश्न निम्मा सुटला, असं आपण किती सहज धरून चालतो!

आफ्रिकेतल्या देशांनी तर त्याची मोजपट्टीच केली. 2003 मध्ये मापुटो इथे त्यांनी ठरवलं, की सरकारी खर्चातला किमान 10 टक्के वाटा शेतीला द्यायचा. मलावीने तो अनेक वर्षं दिला. 2005 च्या दुष्काळानंतर सरकारने छोट्या शेतकऱ्यांना खताची कुपनं वाटली, मका वाढला, जगभर वाहवा झाली. तरीही 2016 मध्ये पाऊस हुकला आणि साठ लाखांहून अधिक लोकांना अन्नमदत लागली. पुढच्या वर्षी मका उदंड आला, तर मक्यावरची निर्यातबंदी कायम, भाव कोसळलेले. बंदी उठली ऑक्टोबरात. तिथे मका निघतो एप्रिल ते जूनमध्ये. अडलेल्याने तो केव्हाच विकून टाकलेला.

नाशिकच्या माणसाला यात परकं काय वाटणार? 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती 4 मे 2024 ला सुरू झाली, तीही 40 टक्के शुल्कासह. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन् महिने राहतो; लाल कांदा टिकत नाही. तो काढला की ट्रॉलीत भरायचा आणि लिलावात मिळेल त्या भावाला सोडायचा. पाच महिन्यांची बंदी म्हणजे त्याचा अख्खा हंगाम.

म्हणून मी खर्च आणि भाव यांत नेहमी फरक करतो. खर्चात सरकारने दिलेलं दिसतं, भावात काढून घेतलेलं. विकसित देशांची संघटना ओईसीडी आणि दिल्लीची संशोधन संस्था इक्रिअर यांनी 2018 मध्ये हा हिशेब भारतासाठी मांडला. 2000-01 ते 2016-17 या काळात अनुदानं धरूनही शेतकऱ्याच्या पदरातली बेरीज सरासरी, एकूण शेती-उत्पन्नाच्या उणे 14 टक्के निघाली. अन्न आणि कृषी संघटनाही 2009 पासून आफ्रिकेतल्या देशांत शेतकऱ्याला मिळणारा भाव आंतरराष्ट्रीय भावाशी ताडून पाहते. सरकारी धोरणावर लक्ष ठेवायचं तर ते असं ठेवायला हवं.

वित्त खात्यात हयात घालवलेल्या एका स्नेह्यांना हे पटत नाही. “भाव चढला की गरीब उपाशी राहतो, ते तुमच्या हिशेबात कुठे आहे?” असं ते विचारतात. त्यांचा खर्चाच्या आकड्यांवरचा विश्वास मला भाबडा वाटतो, पण हा प्रश्न टाळता येत नाही. मलावीचे बहुतेक छोटे शेतकरी पावसाळ्यात, नवा मका येईपर्यंत, स्वतःच मका विकत घेतात. आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर तरी वेगळा कुठे आहे? चढा भाव सुगीत त्याला तारतो आणि पुढे त्यालाच मारतो.

मग सरकारला बांधून ठेवणारा आकडा असतो कसा? इथे मला गावाचं पीक पैशांत मोजणारी आपली पैसेवारी आठवते. ब्रिटिश अमदानीतल्या आणेवारीची ही वारस. गावोगावी ठरावीक चौरसातलं पीक कापायचं, झोडपायचं, तोलायचं. उतारा 50 पैशांच्या खाली आला, की दुष्काळी सवलतींच्या मागणीला बळ येतं: जमीन महसुलात सूट, परीक्षा शुल्क माफ, वीजबिलात सवलत. पैसेवारीवरून तंटे होतात ते याचमुळे. त्या आकड्याने सरकारच्या गळ्यात काही पडतं. मापुटोचे 10 टक्के चुकले तर कुणाच्याच गळ्यात काही पडत नाही. पण पैसेवारीतही तराजूत बसतं ते शेत. मंत्रालयातला बंदीचा निर्णय कधीच बसत नाही.

आणि तो निर्णय सरहद्दीवर थांबत नाही. 20 जुलै 2023 ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगातल्या तांदूळ-व्यापाराचा सुमारे 40 टक्के हिस्सा भारताचा. आपल्या ताटासाठी घेतलेल्या निर्णयाने पश्चिम आफ्रिकेतलं ताट महागलं. कांद्याच्या बंदीची झळ बांगलादेशालाही लागली.

बंदी हा गुन्हाच आहे, असं मी आजवर म्हणत आलो. आता तसं म्हणवत नाही. टंचाईत बंदी घालण्याचा हक्क सरकारला असावा. पण ती कोणत्या भावाला, किती साठ्यावर आणि कोणत्या तारखेला उठेल, हे घालतानाच लिहून द्यावं. तारीख टळली तर शेतकऱ्याच्या भावातली तूट सरकारने भरावी आणि ती रक्कम त्याच अर्थसंकल्पात, तरतुदीच्या शेजारी, छापावी.