वयाचा रकाना

गरोदर मातांच्या नोंदवहीत नावापुढे वयाचा रकाना असतो. सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात तो भरणं फार अवघड काम आहे. सोळा-सतरा वर्षांच्या सुनेला घेऊन आलेली सासू चटकन सांगून टाकते, 'एकोणीस'. नर्सताई पोरीच्या तोंडाकडे बघते आणि पेन तसंच धरून ठेवते. खरं वय लिहिलं, तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं. न कळवणं हाही गुन्हा. पत्नी अठराच्या आतली असेल तर लग्नाची सबबही चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्येच सांगून टाकलं आहे. कायदा मुलीच्या बाजूचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाड्यावर मात्र त्यातलं एवढंच पोचलं, की दवाखान्यात गेलं की पोलीस येतात. म्हणून पुढची पोर तिसऱ्या महिन्यात येत नाही. सिकलसेल मोठ्या प्रमाणावर असलेल्या या जिल्ह्यात पहिल्या तिमाहीतली रक्ततपासणी म्हणजे जिवाचा प्रश्न. ती पोर येते ती पायांवर सूज घेऊन, कळा सुरू झाल्यावर.

भीती पोलिसांची तशीच घरच्यांचीही. आपल्याकडे घराण्याची इज्जत पोरीच्या पोटात ठेवलेली असते. जून 2013 मध्ये नाशिकला एका बापानं आजीच्या आजारपणाचं निमित्त सांगून पोटच्या पोरीला रिक्षात बसवलं आणि गळा आवळून मारलं. तिचे दिवस भरत आले होते. तिचा गुन्हा एकच, जातीबाहेरचं लग्न. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम सुरू केली ती याच खुनानंतर. त्याच ऑगस्टमध्ये त्यांचाही खून झाला. डिसेंबर 2021 मध्ये वैजापूर तालुक्यात भावानं बहिणीचं शिर कापलं, आईच्या साथीनं. तीही गरोदर होती. दोघी सज्ञान, दोघींनी आपल्या मर्जीनं लग्न केलेलं. ज्या वेळी बाईला माहेर सगळ्यात जास्त हवं असतं, त्याच वेळी माहेरानं त्यांना मारलं.

सातपुड्यातली रीत वेगळी, असं कुणी म्हणेल आणि ते काही अंशी खरं आहे. भोंगऱ्याला लग्नांचा बाजार म्हणणं ही बाहेरच्यांची कल्पना. तो होळीच्या खरेदीचा बाजार. पण पोरगा-पोरगी पळून गेले, तर पंच बसतात, देज म्हणजे वधूमूल्य ठरतं, घरं पुन्हा बोलू लागतात. रक्ताऐवजी पैशावर भागवणारी ही रीत मला सुरीपेक्षा हजारपट शहाणी वाटते. तरीही देजाचा आकडा ठरवताना पोरीला कोण विचारतं? दिवस गेलेत का, मूल हवंय का, हे प्रश्न त्या बैठकीत निघत नाहीत. बैठक पुरुषांची असते.

पुरुषांची ही मक्तेदारी मोडणाऱ्या बायाही याच मातीतल्या. शहाद्यात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली, ती जमिनीसाठी आणि मजुरीसाठी. तिच्या शिबिरांत आदिवासी बायकांनी दारूचा आणि नवऱ्याच्या माराचा विषय काढला, गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. घरातला मार हा घरचा मामला नाही, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी चारचौघांत सांगितलं. पोरीचं पोट हाही कुणाच्या घरचा मामला नाही, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

कायद्यात एक फट आहे, उजेड आत येईल अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या 29 सप्टेंबर 2022 च्या निकालानुसार अठराच्या आतली मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं व पालकानं विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव सांगायची गरज नाही. अडतं ते 'पालक' या शब्दावर. ज्या बापाच्या धाकानं ती लपतेय, त्याचीच सही कुठून आणायची? पण 1971 चा गर्भपात कायदा बापच पाहिजे असं म्हणत नाही. अज्ञान मुलगी जिच्या सांभाळात आहे ती व्यक्ती पालक, एवढंच म्हणतो. ती मावशी असू शकते, आजी असू शकते.

हे कितीशा उपकेंद्रांना ठाऊक आहे? जिल्ह्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: या दोन गोष्टी भिलोरीत, पावरीत, मावचीत आशाताईंच्या तोंडी द्या. येत्या होळीच्या आत द्या.