वॉल्टर टल: पदकाआधीचा प्रश्न

कृष्णवर्णीय फुटबॉलपटू आणि पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश लष्करी अधिकारी वॉल्टर टल याची आठवण निघते ती बहुधा एका मागणीच्या निमित्ताने. २५ मार्च १९१८ रोजी जर्मनांच्या मोठ्या चढाईत, उत्तर फ्रान्समधल्या बापोम शहराजवळ तो मारला गेला. त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळायला हवे होते, ते आता तरी द्यावे, असे ब्रिटनमध्ये अनेक वर्षे म्हटले जात आहे. मागणी रास्तच आहे. तो गेल्यावर त्याच्या भावाला पलटणीतल्या अधिकाऱ्याचे जे पत्र आले, त्यात पदकासाठी त्याची शिफारस झाल्याचा उल्लेख होता. पण सगळी चर्चा पदकाभोवतीच फिरत राहिली, तर टलवर झालेला अन्याय केवळ लष्कराच्या एका कपाटात अडकलेला कागद ठरतो. तो अन्याय त्याआधी नऊ वर्षे, भर दुपारी, हजारो प्रेक्षकांसमोर सुरू झाला होता, आणि त्याचा जाब फुटबॉललाच विचारला पाहिजे.

टलचे वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंट परगण्यातली. त्याचा जन्म १८८८ मध्ये फोकस्टोनला झाला. आई १८९५ मध्ये गेली, दोन वर्षांनी वडीलही गेले. सावत्र आईला एवढी मुले पोसणे शक्य नव्हते. वॉल्टर आणि एडवर्ड ही भावंडे लंडनमधल्या मेथडिस्ट अनाथालयात दाखल झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले, वॉल्टर मागे राहिला. छापखान्याचे काम शिकत असतानाच तो क्लॅप्टन या हौशी संघाकडून खेळू लागला आणि १९०९ मध्ये टॉटनहॅम क्लबने त्याला पगारी खेळाडू म्हणून घेतले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात खेळणारे कृष्णवर्णीय तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. त्याच ऑक्टोबरात ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांतल्या काहींनी त्याला वर्णावरून इतक्या गलिच्छ शिव्या दिल्या की सामन्याचा वृत्तान्त लिहिणाऱ्या वार्ताहराने त्यांची जाहीर निर्भर्त्सना केली. टल त्या दिवशी मैदानावरचा सर्वांत चांगला आघाडीचा खेळाडू होता, असा निर्वाळाही त्याने दिला. त्यानंतर लवकरच टल पहिल्या संघाबाहेर गेला. टॉटनहॅमकडून त्याचे लीगचे सामने झाले अवघे १०, गोल २.

संघनिवड खेळावर होते, त्याचा सूर हरवला असेल, असा आक्षेप इथे घेता येईल. टॉटनहॅमच्या कारभाऱ्यांच्या मनात काय होते याचा लेखी पुरावा नाही, हे मान्य करायला हवे. पण १९११ मध्ये व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने त्याला नॉर्थॅम्प्टन क्लबात नेले आणि तिथे तो पहिल्या संघाकडून १११ सामने खेळला. नॉर्थॅम्प्टन सदर्न लीगमध्ये होता, तिथली पातळी खालची होती, हेही खरे. तरीही पुढे इंग्लिश फुटबॉलचा सर्वांत नामांकित व्यवस्थापक ठरलेला माणूस ज्याला संघात घेतो आणि जो तिथे शंभरावर सामने खेळतो, तो खेळाडू एकविसाव्या वर्षी संपला होता हे पटण्यासारखे नाही. प्रेक्षकांना आवरण्यापेक्षा खेळाडूला बाजूला करणे सोपे होते, हाच अर्थ मला अधिक सयुक्तिक वाटतो.

लष्कराने तरी त्याच्या गुणांची कदर केली, असे समाधान अनेकांना वाटते. डिसेंबर १९१४ मध्ये तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाला, सार्जंट झाला, सोमच्या लढाईत लढला आणि मे १९१७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. इटलीत पियावे नदीवर १९१८ च्या पहिल्या रात्रीच्या छाप्यात, मुख्य तुकडीला संरक्षण देणारी माणसे घेऊन त्याने नदी ओलांडली आणि जोरदार गोळीबारातून एकही माणूस न गमावता त्यांना परत आणले. मेजर जनरल लॉफर्ड यांनी या धैर्याची लेखी प्रशंसा केली. पण ब्रिटिश लष्कराच्या नियमांत कृष्णवर्णीयांना अधिकारीपद वर्ज्य होते, आणि टलला ते मिळाले म्हणून नियम पुसला गेला नाही. हिंदी सैन्यातल्या सुभेदार मेजरलाही कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखाली राहावे लागे, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. सोमनंतर अधिकाऱ्यांचा तुटवडा होता, म्हणून टलच्या बाबतीत गरजेपुरती डोळेझाक झाली. टल हा पहिलाच कृष्णवर्णीय अधिकारी होता, हा दावाही आता टिकत नाही. त्याच्याआधीचे काही जण संशोधनातून पुढे आले आहेत. त्याने टलचे मोठेपण कमी होत नाही. उलट अपवाद वारंवार केले गेले आणि तरी नियम जागेवरच राहिला, हे त्यातून दिसते. तो शिथिल व्हायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले.

म्हणूनच पदक ही पूर्ण भरपाई मानायला मी तयार नाही. मिलिटरी क्रॉस तेव्हा मरणोत्तर देत नसत, हा सरकारपक्षाचा मुद्दा नियमाला धरून आहे. पण ज्या लष्कराने टलसाठी एक नियम वाकवला, त्याला दुसरा वाकवणे अशक्य नव्हते. पदक द्यावे. मात्र शूर म्हणून मेलेल्या माणसाचा गौरव करायला समाजाला फारसे काही सोडावे लागत नाही. जिवंत टलला ब्रिस्टलमध्ये शिव्या पडत असताना त्याच्या पाठीशी उभे राहण्याची किंमत होती आणि त्याच्या क्लबने ती मोजली नाही. त्याचा मृतदेह सापडला नाही. अरासच्या स्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे. तो गेला तेव्हा २९ वर्षांचा होता.